ओ देणाऱ्याने जागा सोडू नये

१

रोज दुपारच्या जेवणाआधी मर्व घळीतून वर यायचा, दुसऱ्या पुलावर थांबायचा आणि 'कूऽऽ-ई' अशी हाक घालायचा. मी ओसरीच्या कठड्याशी येऊन तशीच 'कूऽऽ-ई' करून ओ द्यायची, "किटली चढवलीय रे" असंही ओरडून सांगायची आणि आत जायची. तो पायऱ्या चढून, बूट झटकून, पायाला चिकटलेल्या जळवा काढून जाळीच्या दारापाशी येईपर्यंत चहाचं पाणी उकळलेलं असायचं. लग्न झालं तेव्हापासूनचा हा रिवाज.

आमच्याकडे रानात हाक आली की ओ द्यायची, हे मूल बूट घालायला शिकायच्या आधी शिकतं. त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट शिकतं. हाक देणारा चालत येतो, ओ देणाऱ्याने जागा सोडू नये. दोघंही एकमेकांना शोधत निघाले तर दोघंही हरवतात.

मी जन्मभर शाळेची बस चालवली, त्यामुळे माझा आवाज पार खालच्या ओढ्यापर्यंत पोचतो. मर्वचे कान मात्र करवतीने खाल्ले. कानात यंत्रं घातली की माणसांचं बोलणं कळतं, ती काढली की भिंत. आणि बारीक, वरच्या पट्टीतलं तर यंत्रं घालूनही त्याला ऐकू यायचं नाही. किटली शिट्टी घालून घालून कोरडी पडली तरी हा शेजारी बसून पेपर वाचणार. मी ओरडले की म्हणायचा, "घरात एकीचं ऐकता ऐकता जीव जातो, दुसरीचं कुठून ऐकू?"

जानेवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातल्या, त्या दुपारी हाक आली, मी ओ दिली, किटलीचं सांगितलं आणि आत वळले. स्वयंपाकघरात मर्व मोज्यांवर उभा होता. हातात टोस्ट, मिशीला लोणी.

"कुणाला ओ देतेस?" त्याने विचारलं.

२

त्या दिवसांत घळीत दुसरं कोणी असण्याची शक्यताच नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या वणव्याने लँटर्न क्रीकचं राखीव रान अर्धं जाळलं. खालच्या उतारावरची मोठी निलगिरीची झाडं आतून पोकळ झाली, कधी कोसळतील याचा नेम नाही, म्हणून फाटकाला कुलूप लागलं. आत जायची परवानगी एकट्या मर्वला, कारण तो तिथला राखणदार. ज्या रानात शनिवार-रविवारी पोरांचा गलका असायचा, तिथे चिटपाखरू फिरकेना. म्हणजे पाखरं होती, बघायला माणूस नव्हता. मर्व त्यापायी खंगत चालला होता.

अशात, त्या हाकेच्या बऱ्याच आधी, मेलबर्नहून ओडेट आली. तिशीची, डोकं अर्धं भादरलेलं, आणि बोलायला लागली की समोरच्याला चहा गार करायला लावणारी. आवाज टिपणं हे तिचं काम. लोकांना रानात येता येत नसेल तर रान त्यांच्या घरी पोचवू, असं तिचं म्हणणं.

आम्ही तिघांनी मिळून ते उभं केलं. मर्वने जागा दाखवल्या, ओडेटने फाटकापासून ओढ्यापर्यंत पाच खांबांवर मायक्रोफोन बसवले, आणि खांबाखांबावर काय ऐकायचं हे सांगणारा मजकूर मी लिहिला. भांडणंही झाली. मर्वला सगळे मायक्रोफोन पाखरांजवळ हवे होते, ओडेटला पाण्याजवळ. तिसऱ्या खांबावरच्या कर्ण्याची कल्पना मात्र माझी.

"नुसतं चोरून ऐकायचं?" मी म्हटलं. "रानात आलेला माणूस एक हाक तरी घालेल की नाही?"

ओडेटला ते भलतंच आवडलं. ऐकणाऱ्याच्या पडद्यावर एक बटण ठेवलं. ते दाबून जगातल्या कुणीही 'कूऽऽ-ई' करावं, कर्ण्यातून ती हाक घळीत जाणार, आणि घळ काय परत देते ते अर्ध्या मिनिटाने त्याच्या कानावर येणार. माणसं वेड्यासारखी लोटली. कुणी इस्पितळातल्या खाटेवरून हाक घालायचं, कुणी ऑफिसच्या जिन्यात लपून. फिनलंडमधल्या टंपेरे गावची एक बाई रोज न चुकता यायची.

सगळ्यात जास्त फळलं ते मर्वला. ओडेटने त्याची कानातली यंत्रं फोनला जोडून दिली आणि पाखरांचे आवाज त्याला ऐकू येतील अशा खालच्या पट्टीत उतरवले. किटलीचं मात्र राहिलं, ती काही फोनवर येत नव्हती. पहिल्या दिवशी तो ओसरीवर बसून रडला. लहान रेनपक्षी गातात, हे तो बारा-पंधरा वर्षांत विसरून गेला होता. तेव्हापासून घळ दिवसभर त्याच्या कानात चालू असायची. माझं बोलणं तोडायला त्याला चांगलं निमित्त मिळालं.

३

"अहो, सोपं आहे," ओडेट फोनवर म्हणाली. "कुणीतरी मर्वची हाक रेकॉर्ड करून ठेवली आणि कर्ण्यातून सोडली. लोकांना मस्करीला काय लागतं?"

मला ते पटलं. पटवून घ्यायला मी तयारच होते.

मर्वचं म्हणणं वेगळं. "लायरबर्ड असणार. तो मेला कुऱ्हाडीची नक्कल करतो, कॅमेऱ्याची करतो. माझी केली तर बिघडलं कुठे? तू ओ देऊ नकोस, गप्प बसेल आपोआप."

"जानेवारीत?" मी म्हटलं. "पिसारा झडलेला असतो त्याचा. हिवाळ्याशिवाय तो तोंड उघडत नाही, हे मला तूच शिकवलंस."

"मग म्हाताऱ्याला चळ लागला असेल. मला लागतो, त्याला लागू नये?"

ओडेटने तिच्या घरूनच कर्णा बंद केला. दुसऱ्या दिवशी मर्व माझ्या समोर बसून बटाटे सोलत असताना हाक आली. मर्वचाच आवाज. शेवटचा 'ई' किंचित तिरपा जातो, तसाच गेला. दुसऱ्या पुलावरून नाही, त्याच्या अलीकडच्या पहिल्या पुलावरून. मी ओ दिली होती ना, ती ऐकून ते चालत अलीकडे आलं होतं.

मी ओ दिली नाही. हाक ऐकून गप्प राहण्याची माझी ही जन्मातली पहिली वेळ. हाक पुन्हा आली, मग थोड्या वेळाने पुन्हा. त्यात राग नव्हता, घाई नव्हती.

मर्वने सुरी खाली ठेवली. "हा तर मीच आहे गं," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू निघून गेलं.

४

दोन दिवसांनी ओडेट गाडी घेऊन आली. कर्णाच काढून न्यायचा म्हणून ती आणि मर्व भर उन्हात खाली गेले, आणि मी कठड्याशी उभी राहून त्यांच्या टोप्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले. दोघंही धडधाकट परत आले. कर्णा तिने गाडीच्या डिकीत टाकला, झाकण आपटून बंद केलं, आणि मग आम्ही स्वयंपाकघरात तिच्या लॅपटॉपवर घळ ऐकत बसलो.

पाचही खांबांचे आवाज एकदम चालू होते. रातकिड्यांचे थोरले भाऊ असतात ते उन्हाळी किडे कान किटवत होते. ओडेट लॅमिंग्टन केकचा तुकडा मोडून तोंडात टाकणार, तेवढ्यात पाचव्या खांबावरचे किडे थांबले. ओढ्याचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. मग चौथ्यावरचे थांबले. पाचव्यावरचे पुन्हा सुरू झाले.

"ढग आला असेल," ओडेट म्हणाली. खिडकीतून लखलखीत ऊन टेबलावर पडलं होतं.

मग तिसऱ्या खांबावरचे किडे थांबले, आणि चौथ्यावरचे सुरू झाले. ती शांतता वर चढत होती. जिथे कर्णा होता तिथे येऊन ती थांबली, आणि माझ्या आवाजात म्हणाली, "कूऽऽ-ई. किटली चढवलीय रे."

बसच्या मागच्या बाकावरच्या पोरांना दटावणारा तोच आवाज, शब्दाच्या शेवटी तोच हेल. मी तोंडावर हात ठेवून बसले होते, म्हणजे निदान त्या क्षणी बोलत तरी नव्हते.

"हे तुम्ही रेकॉर्ड करून दिलं होतं का?" ओडेटने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

तिने लोकांचे संदेश उघडले. टंपेरेच्या बाईने सकाळीच लिहिलं होतं: 'बटण काढलंत ते बरं झालं, त्याची गरजच नव्हती. मी आता स्वयंपाकघरात उभी राहून नुसती हाक घालते. ती ओ देते. आज खूप जवळून दिली.'

ओडेटने तेव्हाच सगळ्यांसाठी घळ बंद केली. आम्हा तिघांपुरतं ऐकणं तेवढं राहिलं. निघताना तिने मला घट्ट मिठी मारली. "मायक्रोफोन राहू देत तिथेच," ती म्हणाली. "आणायला जाऊ नका."

"लोकांच्या पैशाचं सामान आहे ते," मर्व म्हणाला.

"मर्व, ऐका माझं. नका जाऊ."

मर्वने तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं. संध्याकाळी मी त्याला फोन बंद करायला लावला. त्याने केला, आणि रेनपक्षी गेल्याचं दुःख लपवत बसला. मला त्याची दया आली. झोपायच्या आधी मीच म्हटलं, "दिवसा ऐक हवं तर." ते शब्द परत घेता आले असते तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

५

ब्रेड संपला होता. गावात जायला-यायला तासभर लागतो.

"मी येईपर्यंत घळीत पाऊल टाकायचं नाही," मी बजावलं.

"बरं, राणीसरकार." त्याने ओसरीवरूनच कपाळाला हात लावून सलाम ठोकला.

परत आले तर ओसरीवर त्याचा चहा अर्धा उरलेला, अजून कोमट. खुंटीवर टोपी नाही. कोपऱ्यातली काठी नाही. गुडघ्याचं दुखणं सुरू झाल्यापासून तो काठीशिवाय पायरी उतरत नसे. मी हाका मारत घर पालथं घातलं, आणि मग ओडेटने ठेवून दिलेला लॅपटॉप टेबलावर उघडला.

पाचव्या खांबावर, ओढ्याकाठी, मी होते. "कूऽऽ-ई," मी म्हणत होते.

आणि तिसऱ्या खांबाजवळ काठी दगडावर वाजत होती. धापा टाकत मर्व म्हणाला, "आलो गं, नेरी. तिथेच थांब."

मी ब्रेड आणायला गेले हे तो विसरला नव्हता. त्याला वाटलं, मी परत येऊन त्याला न सांगता खाली उतरले आणि पाय मोडून पडले. त्याच्या कानात माझा आवाज होता, आणि कानात बायकोची हाक आल्यावर कुठला शहाणा माणूस घरात बसून राहील?

६

मी ओसरीवर धावले आणि जिवाच्या आकांताने हाक घातली. मला माहीत होतं की ती फाटकाजवळच्या खांबावरून फिरून त्याच्या कानात पोचायला अर्धं मिनिट लागणार. लॅपटॉप मी कठड्यावर ठेवला होता. काठीचा आवाज थांबला.

"नेरी?" मर्व म्हणाला.

"किटली चढवलीय रे," खालून मी म्हटलं.

"मी वर आहे, घरी," वरून मी ओरडले.

मग मर्व अगदी हळू म्हणाला, "कुठली गं तू?"

काय सांगणार होते मी त्याला? त्या घळीत मी आयुष्यभर ओरडत आले होते. ब्रेड, चहा, साप, पाऊस, फोन आलाय, लवकर ये. जे जे बोलले ते ते तिथे राहिलं होतं. माझ्याकडे एकही वाक्य असं उरलं नव्हतं की जे खालच्या त्या आवाजाकडे नाही. एकच सोडून. वणवा परसापर्यंत आला तेव्हा मी ते बोलले नव्हते, आणि मर्वला छातीच्या ऑपरेशनला नेलं तेव्हाही नव्हते. मी त्यातली बाई नाही.

"मर्व," मी ओरडले, "मला भीती वाटतेय. घरी ये."

अर्धं मिनिट गेलं. खडीवर काठी वळल्याचा आवाज आला. मग तिसऱ्या खांबावरचे किडे थांबले, आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी कठडा धरून वाटेकडे डोळे लावून बसले. झाडाएवढ्या नेच्यांच्या मधून त्याची टोपी दिसली तेव्हा मी उठून उभी राहिले. वळणावर तो थोडा वेळ पाठ करून उभा राहिला. मान खाली, हात सरळ सोडलेले. कुठली बाजू पुढची हे आठवायला त्याला वेळ लागत असावा, असं काहीतरी माझ्या मनात आलं. मग तो वळला आणि पायऱ्या चढून आला.

"आलो गं, नेरी," तो म्हणाला.

मी त्याला कवटाळलं. अंगाला ओल्या नेच्यांचा वास येत होता.

७

मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं. काठी नव्हती, फोन नव्हता, कानातली यंत्रंही नव्हती. पडली असतील खाली कुठेतरी. माणूस घरी आला, यंत्रांचं काय एवढं.

"लागलं का कुठे?" मी विचारलं.

"बरं, राणीसरकार," तो म्हणाला.

घाबरलेला माणूस असंच काहीबाही बोलतो. मी त्याच्या पायांकडे बघितलं. बूट झटकले नव्हते. घोट्यावर एकही जळू नव्हती. उन्हाळा असला तरी त्या ओल्या वाटेवरून जळू न घेता आलेला माणूस मी पाहिलेला नाही. गुडघाही न थांबता एवढ्या पायऱ्या चढला होता. मला त्याचा आनंद झाला. खरंच झाला, कारण आनंद झाला नसता तर मला दुसरं काहीतरी वाटून घ्यावं लागलं असतं.

हातांना काम हवं म्हणून मी किटली चढवली. तेवढ्यात घळीतून हाक आली.

मर्वचाच आवाज. घोगरा, दमलेला, फार खालून.

"ओ देऊ नकोस," खुर्चीतून तो म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. ते आता त्याचा आवाज काढत होतं, पूर्वी नव्हता का काढला? मी जाळीचं दार ओढून घ्यायला ओसरीवर गेले. कठड्यावर लॅपटॉप तसाच उघडा होता.

"नेरी," लॅपटॉप म्हणाला. मग श्वास घेतल्याचा आवाज, आणि काठी. "अंधारून आल्यासारखं झालंय इथे, वाटच सापडेना. तू घाबरलीस म्हणालीस ना? घाबरू नकोस. मी येतोय. एकदा ओ दे फक्त."

आमच्या ओसरीवर लख्ख ऊन होतं. मी दार ओढलं नाही.

"कुणाला ओ देतेस?" आतून प्रश्न आला.

तो घरी आल्यापासून जे जे बोलला, ते सगळं मी आधी ऐकलेलं होतं. त्याच शब्दांत, त्याच हेलात. खालचा मात्र कधीच न बोललेलं बोलत होता. तरीही माझी खात्री होईना. दोन्हीकडे माझ्या नवऱ्याचा आवाज होता, आणि चुकीच्याला ओ दिली तर तो घरी येणार होता. खऱ्याला दिली नाही तर तो तिथेच फिरत राहणार होता. मी कठड्याला धरून उभी राहिले.

मग किटलीने शिट्टी घातली. बारीक, वरच्या पट्टीतली.

खुर्ची सरकली. शिट्टी थांबली. किटली कुणीतरी उतरवून ठेवली, आणि ओट्यावर एकापाठोपाठ एक दोन कप मांडले.

मी मागे वळून पाहिलं नाही. छातीत मावेल तेवढा श्वास घेतला आणि लेकरांनी भरलेली बस एका हाकेत गप्प करणाऱ्या आवाजात घळीत ओ दिली. ओ देणाऱ्याने जागा सोडू नये. मी सोडली नाही.

आणि माझी ओ विरायच्या आत, माझ्या मागून, जाळीच्या दारातून, माझ्याच आवाजात ओ आली.

"कूऽऽ-ई," ती म्हणाली. "मर्व, मला भीती वाटतेय. घरी ये."

अर्ध्या मिनिटाने खाली दुसऱ्या पुलाच्या फळ्यांवर काठी वाजायला लागली. तो येत होता.